मराठवाड्यातलं धुकं: आदल्या संध्याकाळी ओळखायचं कसं आणि सकाळी त्यात वागायचं कसं

मराठवाड्यात धुक्याच्या बातमीची एक अडचण आहे. बातमी जिल्ह्याची असते आणि धुकं ओढ्याचं असतं. ‘बीड, परभणीत दाट धुक्याची शक्यता’ असं ऐकून माणूस घराबाहेर पाहतो, तर समोर स्वच्छ चांदणं. मग तो निश्चिंत गाडी काढतो आणि गेवराई सोडून शहागडच्या गोदावरी पुलाकडे उतरताना अचानक पांढऱ्या भिंतीत शिरतो. दिल्ली-पंजाबकडचं धुकं शेकडो किलोमीटर सलग पसरतं आणि दिवसेंदिवस हटत नाही. आपल्याकडचं तुकड्या-तुकड्यांचं असतं, बहुतेक वेळा आठ-नऊ वाजेपर्यंत विरून जातं. कमी असतं म्हणून कमी धोक्याचं, असं मात्र नाही. उत्तरेकडचा ड्रायव्हर धुकं गृहीत धरूनच निघतो, आपला ते संपलं असं समजून वेग वाढवतो आणि पुढच्या नाल्यावर फसतो.

म्हणून ‘आज धुकं आहे का’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. माझ्या वाटेवर कुठे आणि किती वाजेपर्यंत, हे विचारायला हवं. त्याचं बरंचसं उत्तर आदल्या संध्याकाळी मिळू शकतं.

पायरी १: समोर जे दिसतंय ते नक्की काय आहे

हवामानशास्त्रात एक किलोमीटरपेक्षा कमी अंतरावरचंच दिसत असेल तर धुकं, आणि हवा दमट पण एक किलोमीटरच्या पुढचं दिसत असेल तर विरळ धुकं. भारतीय हवामान विभाग धुक्याचेही टप्पे करतो: ५०० मीटरच्या वर हलकं, २०० ते ५०० मध्यम, ५० ते २०० दाट आणि ५० मीटरच्या आत अतिदाट. धुरकट हवा हे वेगळं प्रकरण आहे. तिच्यात पाण्याचे थेंब नसतात, कोरडे कण असतात: धूळ, धूर, राख.

ओळखायला उपकरण लागत नाही. मोटारसायकलच्या सीटवरून हात फिरवा. सीट ओली आणि समोरचं पांढरं असेल तर धुकं. सीट कोरडी, क्षितिज तपकिरी किंवा निळसर आणि नाकात जळका वास असेल तर धूर-धूळ. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर धुक्याची शंका सोडून द्या. जालन्यासारख्या कारखान्यांच्या गावात जानेवारीत दोन्ही एकत्र सापडतात. धुराच्या कणांवर पाणी बसतं, थेंब बारीक आणि असंख्य होतात आणि तेवढ्याच ओलाव्यात कमी दिसतं. असं धुकं उठायलाही वेळ घेतं.

हा फरक आधी करायचा, कारण पुढचे उपाय वेगळे आहेत. धुकं सूर्य उठवतो. धुरकट हवेला वारा किंवा पाऊस लागतो.

पायरी २: आपल्या वाटेचा नकाशा एकदाच करून ठेवा

मराठवाड्याचं धुकं मुख्यतः जमीन थंड झाल्यामुळे पडतं. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते, तिच्यालगतची हवा गार होते आणि त्या हवेत पुरेसा ओलावा असेल तर त्याचे थेंब होतात. गार हवा जड असते. ती रात्रभर उतारावरून खाली सरकत राहते आणि खोलगट जागी साचते. बालाघाटच्या पठारावरून मांजरा, तेरणा, सिंदफणेच्या खोऱ्यांत, अजिंठ्याच्या डोंगरांवरून पूर्णेकडे आणि सगळीकडून शेवटी गोदावरीच्या पट्ट्यात. परभणी आणि नांदेड उंचीने छत्रपती संभाजीनगर, लातूरपेक्षा खाली आहेत. नदीकाठच्या गावांत पहाटे हाडं गोठतात, तेव्हा माळावरच्या गावात तेवढं जाणवत नाही, ते यामुळेच.

रोजच्या किंवा ठरलेल्या रस्त्यावरच्या खालील जागा मोबाइलच्या नकाशावर खूण करून ठेवा:

- नदी आणि मोठ्या ओढ्यांचे पूल. राष्ट्रीय महामार्ग ५२ वर शहागडला गोदावरी, चौसाळ्याच्या पुढे मांजरा. परभणीहून गंगाखेडला जाताना गावाच्या तोंडाशी गोदावरी.
- जलाशयांचे काठ: पैठणचा नाथसागर, माजलगाव, धनेगावचं मांजरा धरण, येलदरी, सिद्धेश्वर, नांदेडचं विष्णुपुरी. पाणी दिवसाची ऊब धरून ठेवतं, वरची हवा पहाटे गार असते, त्यामुळे पाण्यावरून वाफ उठताना दिसते आणि झुळूक असेल तर ती रस्त्यावर येते.
- कालव्याखालची शेती. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, उजवा १३२. रब्बीचं आवर्तन सुटलं की या पट्ट्यातली काळी जमीन आठ-आठ दिवस ओली राहते. शेजारचा कोरडवाहू माळ मोकळा आणि कालव्याखालचं रान पांढरं, असं चित्र डिसेंबरात नेहमीचं.
- घाट. कन्नडचा औट्रम घाट, मांजरसुंबा, धारूरचा घाट. इथे गणित उलटं आहे. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, ढगच डोंगराला टेकतो. म्हैसमाळला सहलीला जाणारे ज्याला धुकं म्हणतात तो खरं तर ढग असतो. तो सूर्य उगवला म्हणून उठत नाही, भर दुपारीही बसून राहतो. घाटातल्या पावसाळी प्रवासाला ‘नऊनंतर निघू’ हा हिशेब लावू नका.

पायरी ३: वर्षातले कोणते आठवडे

साधारणपणे तीन खिडक्या आहेत. पहिली पाऊस माघारी गेल्यावरची, ऑक्टोबरातली: जमीन भिजलेली, आकाश नुकतंच मोकळं झालेलं आणि रात्री लांबत चाललेल्या. दुसरी नोव्हेंबर-डिसेंबरमधली, बंगालच्या उपसागरातलं एखादं कमी दाबाचं क्षेत्र किंवा वादळाचं उरलेलं अंग ओलावा आणून टाकतं तेव्हा. ढग असेपर्यंत धुकं पडत नाही, कारण ढग जमिनीची उष्णता अडवतात. ढग हटले त्याच्या पहिल्या-दुसऱ्या रात्री सावध राहायचं. तिसरी जानेवारी-फेब्रुवारीतली, अवकाळीचा शिडकावा होऊन गेल्यानंतरची.

इथे एक समज खोडायला हवा. कडाक्याची थंडी म्हणजे धुकं, असं अनेकांना वाटतं. परभणीला कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा तळाला जातो तेव्हा बहुतेक वेळा उत्तरेकडून कोरडा वारा आलेला असतो, आकाश काचेसारखं असतं आणि धुक्याचा पत्ता नसतो. धुकं येतं ते थंडी जरा सैल होऊन हवेत दमटपणा परतला की. शिवाय एकदा धुकं पडलं की तेच जमिनीवर पांघरूण घालतं आणि पारा आणखी घसरायचा थांबतो.

पायरी ४: संध्याकाळची तपासणी

हा सगळ्यात उपयोगी भाग. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास चार गोष्टी पाहा.

आकाश: चांदण्या ठळक दिसतायत का. ढगाळ असेल तर पुढची तपासणी सोडून दिली तरी चालेल.

वारा: गावातल्या चुलींचा धूर बघा. तो थोडा वर जाऊन एका पातळीवर आडवा पसरत असेल, गावावर चादर घातल्यासारखा, तर खालची हवा गार आणि वरची उबदार झाली आहे. झाकण बसलं. ओलावा आणि धूर दोन्ही आता खालीच कोंडणार. वारा ताशी दहा किलोमीटरच्या पुढे असेल तर धुकं जमत नाही. हवा पूर्ण निपचित असेल तर बऱ्याचदा नुसतं दव पडतं. धुक्याला अगदी हलकी हालचाल लागते.

जमीन: गेल्या दोन दिवसांत पाऊस झाला का, किंवा आसपास पाण्याची पाळी चालू आहे का.

आणि दवबिंदू. हवा किती अंशांपर्यंत गार झाली की तिच्यातला ओलावा सुटून थेंब होतात, तो आकडा म्हणजे दवबिंदू. बहुतेक हवामान ॲपमध्ये तो दिलेला असतो. नसेल तर कामापुरतं गणित असं: १०० मधून आर्द्रतेची टक्केवारी वजा करा, उत्तराला ५ ने भागा आणि ते तापमानातून वजा करा. तापमान २२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ३० भागिले ५ म्हणजे ६, आणि दवबिंदू १६ अंश. आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असताना हे बऱ्यापैकी जुळतं.

आता रात्रीच्या किमान तापमानाचा अंदाज बघा. दवबिंदू १६ आणि किमान १३ सांगितलं असेल, आकाश मोकळं, वारा मंद, तर पहाटे खोलगट जागी धुकं धरून चाला. दवबिंदू ६ आणि किमान ११ असेल तर निवांत झोपा. दोन्ही आकडे जवळजवळ असतील तर माळावर दव आणि नाल्यात धुकं, असा मधला निकाल लागतो. तेव्हा पायरी २ चा नकाशा कामाला येतो.

हवामान विभागाचं ‘मौसम’ ॲप आणि शेतकऱ्यांसाठीचं ‘मेघदूत’ ॲप दोन्ही मराठी माणसाला वापरता येतात. ग्रामीण कृषी मौसम सेवेचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. ज्यांना थोडी खोलात जायची हौस आहे त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचं हवामान-निरीक्षण, ज्याला ‘मेटार’ म्हणतात, ते वाचायला शिकावं. त्यात चार आकडी संख्या म्हणजे मीटरमधली दृश्यता (९९९९ म्हणजे दहा किलोमीटर किंवा जास्त), ‘एफजी’ म्हणजे धुकं, ‘बीआर’ विरळ धुकं, ‘एचझेड’ धुरकट हवा, ‘एफयू’ धूर. १४/१३ असं लिहिलेलं असेल तर तापमान १४ आणि दवबिंदू १३, म्हणजे हवा जवळजवळ तुडुंब. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. पण हा आकडा धावपट्टीजवळचा. त्यावरून वाळूजचा अंदाज येईल, पैठणचा नाही.

पायरी ५: किती वाजता निघायचं

लोकांचं गणित चुकतं ते इथे. पाच वाजता बाहेर पाहिलं, साधारण दिसत होतं, मग ‘उजाडेल तसं उठेल’ म्हणून निघाले. धुकं बहुतेक वेळा सूर्योदयाच्या आसपास आणि त्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात दाट होतं. कोवळ्या उन्हाने पानांवरचं दव उडतं, खालची हवा थोडी ढवळली जाते आणि तो ओलावा वर येऊन मिसळतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्योदय साधारण सात वाजता. म्हणजे साडेसहा ते आठ हा वेळ वाईट. टाळता येत असेल तर तोच टाळा. निघायचंच असेल तर नकाशावरच्या खुणेच्या जागा साडेआठनंतर येतील असा वेळ धरा.

पायरी ६: रस्त्यावर

आधी किती दिसतंय ते मोजा. राष्ट्रीय महामार्गावर किलोमीटरच्या दगडांच्या मध्ये दर दोनशे मीटरला छोटे दगड असतात. एका दगडाजवळ असताना पुढचा दिसत नसेल तर दृश्यता दोनशेच्या आत आहे, म्हणजे धुकं दाट आहे. गावात राहणाऱ्यांनी आपल्या दारातून दिसणाऱ्या चार वस्तूंची अंतरं नकाशावर मोजून ठेवावीत: पाण्याची टाकी, लिंबाचं झाड, देवळाचा कळस, शाळेची भिंत. सकाळी कोणती दिसत नाही त्यावरून आकडा कळतो.

आता वेग. ओल्या डांबरावर, ड्रायव्हरला धोका कळून ब्रेक दाबायला दोन सेकंद लागतात असं धरलं, तर ताशी ३० किलोमीटरला थांबायला साधारण २५ मीटर लागतात, ४० ला ४०, ६० ला ७०, ८० ला १०५ च्या वर. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे. त्या वेगात थांबायला दोनशे मीटरहून जास्त लागतात, म्हणजे धुकं मध्यम असलं तरी तो वेग परवडत नाही. दुपदरी रस्त्यावर समोरून येणाराही तेवढीच जागा खातो. म्हणून दिसतंय त्याच्या अर्ध्या अंतरात थांबता आलं पाहिजे. शंभर मीटर दिसत असेल तर ४०, पन्नास मीटर दिसत असेल तर जेमतेम ३०.

बाकी नियम थोडक्यात. दिवे डिपरवर ठेवा, वरचा झोत धुक्यावरून परत डोळ्यांत येतो. पुढचे-मागचे धुक्याचे दिवे असतील तर लावा. चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवू नका, त्याने तुम्ही थांबलात की वळताय हे मागच्याला कळत नाही. डावीकडची पांढरी पट्टी धरा. पुढच्या ट्रकच्या लाल दिव्याच्या आधाराने चिकटून जाणं सगळ्यात वाईट सवय. तो चुकला की तुम्हीही चुकलात. काचेवर आतून वाफ धरली तर एसी लावून हवा काचेवर सोडा. मोटारसायकलवाल्यांनी हेल्मेटची काच थोडी उघडी ठेवावी. थांबावंच लागलं तर डांबरावर नाही, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३, अपघातात १०८ किंवा ११२.

मराठवाड्यात या सगळ्यावर एक वेगळा धोका चढतो, तो उसाचा. गाळप हंगाम आणि धुक्याचा हंगाम एकच. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या पहाटे कारखान्याकडे निघतात. मागे दिवा नसतो, बाहेर आलेला ऊस ट्रॉलीची कडा झाकून टाकतो. तशात एखादी ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यावरच उभी असते, मागे दोन दगड ठेवून. ड्रायव्हरला कितीही उपदेश केला तरी न दिसणारी वस्तू त्याला दिसत नाही. ज्यांच्या ट्रॉल्या आहेत त्यांनी मागच्या फळीवर, दोन्ही बाजूंना आणि उसाच्या मोळ्यांच्या वर बांधता येईल अशा पट्टीवर लाल रिफ्लेक्टर लावावेत. खर्च किरकोळ आहे. बैलगाडीला मागे आणि बैलांच्या शिंगांना रेडियमची पट्टी लावता येते. कृषिपंपांची वीज रात्रपाळीला आली की दारं धरून, म्हणजे पिकाला पाणी देऊन, पहाटे परतणारे शेतकरी काळ्या घोंगडीत किंवा गडद स्वेटरमध्ये असतात. त्यांनीही एक रेडियमचा पट्टा अंगावर घ्यावा.

पायरी ७: शेतात

शेतकऱ्याच्या तोंडी हे धुकं म्हणजे धुई, आणि धुईची धास्ती तुरीला. नोव्हेंबर-डिसेंबरात तूर फुलात असते. धुई आणि ढगाळ हवा चार दिवस टिकली की फुलगळ दिसते आणि शेंगा पोखरणाऱ्या अळीकडे लक्ष ठेवावं लागतं. ज्वारीवर चिकटा, कांद्यावर करपा, द्राक्षावर केवडा, आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे आणि भुरी हे नेहमीचे पाहुणे. रोगाला धुकं स्वतः कारण ठरत नाही. पान किती तास ओलं राहिलं हे महत्त्वाचं. म्हणून नोंद ठेवायची ती ‘धुई पडली’ एवढीच नाही, पान किती वाजता वाळलं त्याचीही. सलग दोन-तीन दिवस दहा वाजेपर्यंत पानं ओली असतील तर फडात उतरून पानांची मागची बाजू पाहा.

ओल्या पानावर फवारणी करू नका, औषध ओघळून जातं. दव वाळल्यावर, दहाच्या पुढे, वारा वाढायच्या आत उरका. कापसाची वेचणीही दव गेल्यावरच, ओल्या बोंडांचा कापूस गंजीत पिवळा पडतो. हिंगोली-वसमतकडे शिजवलेली हळद वाळत घातलेली असते, ती संध्याकाळी ताडपत्रीखाली घ्या.

थंडीपासून पीक वाचवायला संध्याकाळी हलकं पाणी द्यायचा सल्ला दिला जातो आणि तो कोरड्या थंडीत बरोबर आहे. मात्र दवबिंदू आधीच वर असलेल्या रात्री तेच पाणी धुक्याला खाद्य घालतं. दोन्हीतली कोणती रात्र आहे हे पायरी ४ मधून कळतं. बांधावर काडीकचरा पेटवून धूर करण्याचंही तसंच. रस्त्यालगतच्या शेतात हा धूर करू नये, झाकण बसलेल्या हवेत तो सरळ डांबरावर येऊन बसतो.

पायरी ८: धुरकट हवेचे दिवस

हिवाळ्यातली धुरकट हवा बव्हंशी आपलीच कमाई आहे: उसाचं पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, वीटभट्ट्या, खडी क्रशर, खराब रस्त्यांची धूळ, कारखाने, परळीचं औष्णिक केंद्र. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत मराठवाड्यातली छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही तीन शहरं आहेत. सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, चोवीस तासांची भारतीय मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. शहराचा आकडा ‘समीर’ ॲपवर पाहता येतो.

उन्हाळ्यातली धुरकट हवा निराळी. एप्रिल-मेमध्ये नांगरलेली रानं उघडी असतात, वावटळी उठतात आणि वायव्येकडच्या वाळवंटी भागातून आलेली धूळ वरच्या हवेत तरंगत राहते. दुपारचं आकाश निळं न राहता पांढुरकं होतं. हिवाळ्यातली धुरकट हवा सकाळी वाईट आणि दुपारी सुधारते, उन्हाळ्यातली दुपारीही तशीच राहते. वळवाचा एक चांगला पाऊस झाला की ती धुऊन निघते.

दम्याच्या माणसांनी हिवाळ्यात पहाटेचं फिरणं नऊनंतर न्यावं. रुमाल बांधून सूक्ष्म कण अडत नाहीत, नीट बसणारा एन-९५ मास्क लागतो. निव्वळ धुक्यात मास्कची गरज नाही. पाचट जाळण्याऐवजी कुट्टी करून सरीत दाबलं तर पुढच्या उसाला ओल टिकते, हा हिशेब अनेक शेतकऱ्यांना आता पटला आहे. पऱ्हाट्यांसाठी श्रेडर भाड्याने मिळतो.

पायरी ९: धुकं दुसरीकडचं, खोळंबा आपला

नांदेडला लख्ख ऊन असतं आणि अमृतसरहून येणारी सचखंड एक्सप्रेस कित्येक तास उशिरा असते. दिल्लीहून चिकलठाण्याला येणाऱ्या विमानाचंही तेच. डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्यांना आणायला जाताना इथलं आभाळ पाहून निघू नका. गाडी सध्या कुठे आहे ते पाहा. सचखंड दिल्लीला पोहोचण्याआधीच रखडली असेल तर पुढे भोपाळ-मनमाडकडे ती वेळ भरून काढेल अशी आशा धरू नये. परतीची गाडी त्याच डब्यांची असेल तर तीही उशिरा सुटते. तुमचं तिकीट परतीचं असेल तर घर सोडण्याआधी आलेली गाडी कधी पोहोचतेय ते आधी तपासा.